मधूनच गळालेले

धाकटीला लहानपणी कुणी म्हणालं, “आभाळ किती निळं आहे बघ,” तर ती आधी म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग आभाळाकडे. आई कपाळावर हात मारून घ्यायची. “या पोरीचं जगात कुणाशी पटायचं?” पटलं ते एका कचेरीशी. तिथे शंका काढण्याचा पगार मिळायचा.

कचेरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे दिवसभर टायरातली हवा सुटल्याचा फुसफुस आवाज. कुठलंही नवं औषध सार्वजनिक दवाखान्यांत ठेवायचं की नाही, हे ठरण्याआधी त्या औषधावर झालेले सगळे प्रयोग इथे गठ्ठ्यानं येत. बनवणारे म्हणणार, आमचं औषध म्हणजे अमृत. प्रयोग करणारे डॉक्टर म्हणणार, गुण आला. आणि इथली माणसं चष्मा पुसत म्हणणार, “आला असेल. पण कशावरून?”

रीत मोठी कडक होती. एकेक गठ्ठा दोघांनी वाचायचा, पण दोन वेगळ्या खोल्यांत. विचारपूस नाही, खाणाखुणा नाहीत. गठ्ठा उघडा असेपर्यंत त्या दोघांनी चहासुद्धा एकत्र प्यायचा नाही, कारण चहाबरोबर मत पाझरतं. दोघांचं वाचून झालं की एका टेबलाशी समोरासमोर बसून मतांचा ताळा घ्यायचा. जुळलं तिथे जुळलं, नाही तिथे भांडायचं. भांडून झाल्यावर जो चहा यायचा, त्याला सगळे सुटकेचा चहा म्हणत.

धाकटीचे जोडीदार होते मास्तर. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, अजूनही बोलताना हवेत बोटानं लिहायचे आणि मग ते हवेतलं पुसायचे. धाकटीचं नाव त्यांनी चाळणीबाई ठेवलं होतं.

“इतरांच्या चाळणीतून पीठ खाली पडतं,” ते म्हणत. “बाईंची चाळणी पिठालाच विचारते, तू पीठ कशावरून?”

आणखी एक नियम होता. भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना तोंडपाठ होता. ज्या दुखण्याचं औषध, ते दुखणं आपल्या घरात असेल तर गठ्ठ्याला हात लावायचा नाही. सांगायचं आणि बाजूला व्हायचं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मास्तरांनी मागे दम्याचा गठ्ठा तसाच परत केला होता, त्यांच्या मुलीला दमा होता म्हणून.

हातांच्या कंपावरच्या गोळीचा गठ्ठा धाकटीच्या टेबलावर आला, तेव्हा तिनं काही सांगितलं नाही.

घरी ताईचा नवरा, म्हणजे तिचे भावोजी, दारांवरच्या नावाच्या पाट्या कोरायचे. खाली दुकान, वर घर, आणि घराची मागची खोली धाकटीची. आई गेल्यापासून ती तिथेच होती. “लग्नात मला सगळं भरभरून मिळालं,” भावोजी दुकानात येणाऱ्याला सांगत, “बोलणारी बायको मिळाली, वर शंका काढणारी मेहुणी मिळाली. मी आपला पितळेशी बोलतो, ते बिचारं ऐकून घेतं.” पितळ खरंच त्यांचं ऐकायचं. कुणा वकिलाचं असो नाही तर दाईचं, नाव त्यांच्या कोरणीखालून असं उतरायचं, की ज्याचं त्याला स्वतःचं नाव नव्यानं आवडावं.

गेल्या वर्षापासून त्या हातांत वारा शिरला होता. झाडाच्या पानाला वारा लागला तर पान हलतं, वारा पडला की थांबतं. हा वारा पडत नव्हता. आधी करंगळी, मग मनगट, मग सगळा हातच. कोरणी पितळेवर टेकायची आणि अक्षराच्या पोटातून भलतीच रेघ बाहेर जायची. दुकानाच्या कोपऱ्यात बिघडलेल्या पाट्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असत.

ताई पाण्याचा पेला अर्धाच भरायला लागली होती.

“दवाखान्यात सांगत होते, एक गोळी आलीय,” एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली. “हात दगडासारखा स्थिर होतो म्हणे. पण तुझ्या कचेरीत अडकलीय.”

“अडकली नाही. वाचतायत तिच्यावरचं.”

“कोण वाचतंय?”

“असेल कुणीतरी.”

“मग त्या कुणीतरीला सांग ना, जरा भरभर वाच म्हणावं. कादंबरी आहे का झोपताना वाचायला?”

“ताई, मला यातलं काही बोलता येत नाही.”

“तुला बोलता येत नाही, यांना पेला धरता येत नाही. झकास घर आहे माझं.”

भावोजी हसले, तसं पाणी सांडलं. “सांडू दे गं. तेवढीच फरशी पुसली जाते.”

धाकटी ताटात बघत राहिली. तिनं कचेरीत का सांगितलं नव्हतं? लबाडी करायची म्हणून नव्हे. तिला वाटायचं, गठ्ठा दुसऱ्या कुणाकडे गेला तर तो वरवर वाचेल. पान उलटताना जांभई देईल. आणि त्या जांभईतून जे निसटेल ते उद्या भावोजींच्या पोटात जाईल. तिचा जगावर भरवसा नव्हता, हे तर जुनंच होतं. आता तर घरातलं माणूस पणाला लागलं होतं.

प्रयोग साधा होता. कंप असलेल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली, हे ना त्या माणसांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. दर भेटीत प्रत्येकानं कागदावर गोगलगाईच्या पाठीवर असतं तसं वळण काढायचं, आतून बाहेर, न थांबता. हात जितका शांत तितकं वळण गोल. खरी गोळी घेणाऱ्यांची वळणं वर्षअखेरीला अशी सुरेख झाली होती, की कुणीही म्हणावं, हा हात पुन्हा पितळेवर चालेल.

त्या गोल वळणांकडे बघताना धाकटीच्या काळजात काहीतरी उडी मारायचं. आणि तिथेच ती दचकायची. आपल्याला आनंद का झाला? आनंद म्हणजे लाच. आपल्याला हे खरं ठरायला हवंय, म्हणजे आपली नजर विकली गेली. मग ती स्वतःवरच धाड घालायची आणि त्या पानावर लाल पेन्सिलीनं शंका लिहायची. जितका आनंद मोठा, तितकी शंका जाड.

खरी शंका मात्र एक होती, आणि ती सरळ आकड्यांत उघडी पडली होती. खरी गोळी घेणाऱ्यांतली जवळपास पाव हिस्सा माणसं वर्ष पुरं व्हायच्या आत प्रयोग सोडून गेली होती. खोटी गोळी घेणाऱ्यांतली मात्र बहुतेक सगळी शेवटपर्यंत टिकली होती. गेलेल्यांबद्दल अहवालात एवढंच, ‘येण्याजाण्याच्या अडचणीमुळे’. पुढे सगळा हिशोब राहिलेल्यांचा.

ती मनाशी म्हणाली, ही तर सुपाची युक्ती. पाखडताना जे उडालं ते वाऱ्यावर सोडायचं, सुपात उरलं ते दाखवायचं आणि म्हणायचं, बघा, आमच्याकडे फोल नाहीच. ज्यांना गुण आला नाही त्यांना हळूच वाट दाखवली असणार.

भिंतीपलीकडे मास्तर शीळ घालत होते. तिला तीही खटकली. इतकी गोड शीळ वाईट गठ्ठा वाचताना कुणी घालत नाही. म्हणजे हे पास करणार. डोळे मिटून पास करणार.

ताळ्याच्या दिवशी दोघं समोरासमोर बसले. मास्तरांनी स्वतःचे कागद उलगडले, तिचे घेतले, आणि दोन्ही शेजारी ठेवून पानं ताडून बघितली.

“बाई, सगळं लाल?”

“जे दिसलं ते लिहिलं.”

“चिठ्ठ्या टाकण्याबद्दल तुम्ही ‘संशयास्पद’ म्हटलंय. का? चिठ्ठ्या तर दुसऱ्या शहरात, परक्या माणसांनी टाकल्यात.”

“फारच नीट आहे ते.”

“नीट असणं हा गुन्हा कधीपासून झाला?”

“मास्तर, तुम्हाला पास करायचंय. शीळ घालत होतात.”

“मी बायकोशी भांडून आलो की शीळ घालतो. त्याचा गोळीशी काय संबंध?” त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. “हे बघा. मधून गेलेल्या माणसांवर मीसुद्धा खूण केलीय. तिथे आपलं जुळतं. पण बाकी हे काय? तपासणाऱ्याला ठाऊक नव्हतं, तरी लाल. मोजमाप चोख, तरी लाल. मी इतकी वर्षं तुमच्याबरोबर बसतोय. तुम्ही चिकट आहात, अन्यायी नाही. हे कुणीतरी दुसऱ्यानंच लिहिल्यासारखं वाटतंय.”

धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“प्रयोग करणाऱ्यांनाच विचारू,” मास्तर म्हणाले. “माणसं का गेली ते सांगा म्हणू. तोवर ताळा उघडाच. चहा नाही.”

पत्र गेलं. उलट निरोप आला, की तपासणीचं सगळं ज्या सिस्टर बघायच्या त्यांच्याशीच बोला. ठरलेल्या दुपारी फोन धाकटीनं घेतला. मास्तर तेवढ्यात खाली सायकलची चेन बसवून घ्यायला गेले होते.

सिस्टरचा आवाज मोठा आणि मोकळा होता. “मधून गेले ना? अहो, जातील नाही तर काय करतील! आमचा तपासणीचा कक्ष चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. आज दुरुस्त होते, उद्या होते, असं करता करता वर्ष गेलं. सगळी वयस्कर माणसं. बिचारी कठड्याला धरून धरून यायची, पाय लटपटायचे, वर येऊन बाकड्यावर धप्पकन बसायची. म्हणायची, सिस्टर, आता नाही जमत हो. मी तरी काय जबरदस्ती करणार? डॉक्टर म्हणाले, लिहा, येण्याजाण्याची अडचण.”

“म्हणजे गुण आला नाही म्हणून नाही गेले?”

“छे! जाताना रडली काही. हात सुधारले होते ना त्यांचे. एका आजोबांनी तर मला सुईत दोरा ओवून दाखवला.”

धाकटीनं फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी पाठ खुर्चीला टेकली. लिफ्ट. एक मेली लिफ्ट! लपवाछपवी नाही, सुपाची युक्ती नाही. आपणच काळ्या मनाच्या. तिला डोळ्यांसमोर कोरणी दिसली, पितळेच्या पोटातून सरळ चाललेली. तिनं खोडरबर घेतलं आणि लाल खुणा भराभरा पुसायला लागली. मास्तर हाताचं ग्रीस पुसत वर आले, तेव्हा टेबलावर लाल भुशाचा ढीग झाला होता.

तिनं सगळं सांगितलं. सांगताना हसलीसुद्धा. “माझं चुकलं मास्तर. नीट प्रयोग आहे. लिफ्टनं घोटाळा केला. मागवा चहा.”

मास्तर उभेच राहिले. बोटानं हवेत काहीतरी लिहिलं. या वेळी पुसलं नाही.

“लिफ्ट बंद होती ती कुणाला?”

“सगळ्यांनाच.”

“खोट्या गोळीवाल्यांना पण?”

“हो, तेही चौथ्या मज...”

“तेही तितकेच वयस्कर. त्यांचेही हात थरथरणारेच. उलट त्यांचे जास्त, त्यांना तर काही मिळालंच नव्हतं. मग ते कसे वर्षभर चढले? लिफ्टला काय माहीत, बाई, कुणाच्या पोटात कुठली गोळी आहे?”

खाली कुणाच्या तरी टायरातली हवा सुटली.

पाय लटपटायचे. सिस्टरनं सांगितलं होतं. तिनं ते कानानं ऐकलं होतं आणि वाऱ्यावर सोडून दिलं होतं, कारण त्या क्षणी तिला फक्त दाणे हवे होते. गोळी हात धरत होती आणि पाय सोडत होती. सपाट जमिनीवर हे कुणाच्या ध्यानात आलं नसतं. जिन्यानं ते उघडं पाडलं आणि डॉक्टरांनी ते जिन्याच्याच नावावर लिहून टाकलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

“चाळणीबाई,” मास्तर खाली बसले. आवाज शाळेतला नव्हता. “आधी तुम्ही भोक इतकं बारीक केलंत, की काहीच पडेना. आता एवढं मोठं केलंत, की दगडसुद्धा गेला. तुमच्याकडून हे दोन्ही होत नाही कधी. घरात कोण आहे?”

बराच वेळ ती लाल भुसा बोटानं एका ठिकाणी करत राहिली.

“ताईचे यजमान,” ती म्हणाली. “पाट्या कोरतात. कोरायचे.”

मास्तर तिच्याबरोबर मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत आले, पण आत गेले नाहीत. मोठ्या बाई कचेरीच्या प्रमुख. त्या कधी आवाज चढवत नसत, म्हणून सगळे त्यांना जास्त घाबरत.

“बाई, मी गोळीच्या विरुद्धच लिहिलं होतं आधी,” धाकटी म्हणाली. “बाजूनं नाही.”

“मग मी शाबासकी देऊ? तराजूच्या कुठल्याही पारड्याला बोट लावलं तरी ते बोटच गं. एका बाजूला गरज म्हणून लावलंस, दुसऱ्या बाजूला भीती म्हणून. बिचाऱ्या तराजूला तुझ्या मनातलं काय कळतंय?” त्यांनी गठ्ठा स्वतःकडे ओढला. “हा आता नव्या माणसाकडे जाईल, पहिल्यापासून. तू काही दिवस कपाटं लाव. आणि विचारायचं झालं तर तुझ्या मास्तरांना विचार, दम्याचा गठ्ठा परत करताना त्यांना काय वाटलं होतं ते. कुणाला सोपं जात नाही.”

तिनं कपाटं लावली. दुसऱ्यांचे ताळे दाराआडून ऐकू यायचे आणि तिच्या मनात यायचं, नीट वाचत असतील ना? मग ती स्वतःलाच दटावायची. तरी कान तिकडेच.

निकाल लागला तो असा: गोळीनं हातांचा कंप कमी होतो, हे मानायला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. मात्र ती घेणारे बरेच जण जिना चढवेना म्हणून प्रयोग मधूनच सोडून गेले; तिच्यामुळे पायांचा तोल जात असावा अशी दाट शंका आहे, आणि ती कुणी तपासलेली नाही. दवाखान्यांनी गोळी ठेवावी, पण घेणाऱ्याला हे आधी सांगावं.

दवाखान्यातून तो कागद ताईच्या हाती आला. तिनं तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. धाकटी दारात चपला काढत होती.

“ते ‘कुणीतरी’ तूच होतीस ना?”

“होते. आता नाही. त्या गठ्ठ्यावरून काढलं मला.”

“आणि पायांचं हे तूच काढलंस?”

“मी नाही. मास्तरांनी काढलं. माझ्या तर हातातून सुटलं होतं.”

“खोटं! तुझ्या हातून काय सुटतंय? घरात सुख येतंय म्हटलं, की तू आधी त्याच्या खिशात हात घालून बघणार. मी वर्षभर पेले अर्धे भरतेय गं. अर्धे! तो माणूस झोपेतसुद्धा हात मांडीखाली दाबून झोपतो. आणि आता सांगतात, हात घ्या आणि पाय द्या. हा काय बाजार आहे?”

“ताई, जे आहे ते सांगायला नको?”

“सांग की! सगळं सांग मग. ते जे सोडून गेले, जिना चढवेना म्हणून, त्यांनी गोळी बंद केली. त्यांचे पाय पुन्हा जागेवर आले की नाही?”

धाकटी दुसरी चप्पल काढायला वाकली.

“विचारतेय मी. पाय परत आले की कायमचे गेले? मला तेवढंच कळायला हवंय. परत येणार असतील तर आम्ही घेऊन बघू. नसतील तर नको. साधी गोष्ट आहे.”

“कुणी विचारलं नाही,” धाकटी म्हणाली.

“तूसुद्धा?”

“मीसुद्धा.”

ताईनं कागदाची घडी ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा ओरडणं परवडलं असतं.

रात्रभर नव्हे, पण झोप लागेपर्यंत धाकटीला ते बाकडं दिसत राहिलं, चौथ्या मजल्यावरचं. धप्पकन बसणारी माणसं. तिनं त्यांचा माग काढला होता तो प्रयोग खरा की खोटा हे ठरवायला. ती का गेली, हे विचारलं. गेली कुठे, कशी आहेत, चालतात का, हे विचारावं असं मनातही आलं नाही. तिच्या लेखी ती माणसं म्हणजे आकड्यांमधलं भोक होती. भोकाला कुणी तब्येत विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांना गाठलं.

“मला हा गठ्ठा आता शिवायचा नाही, ठाऊक आहे,” ती म्हणाली. “प्रश्न मात्र ताईचा आहे. तो तुम्ही पाठवा. माझं नाव नको.”

मास्तरांनी प्रश्न ऐकला आणि खिशातलं पेन काढलं. “आपण दोघं आणि तो नवा, तिघं शहाणे,” ते पुटपुटले. “तुमच्या ताईंना इथे नोकरी देता येईल का बघू.”

सिस्टर आधी तडकल्या म्हणे. “आता काय आमची चौकशी लावताय?” मग दोन दिवस गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाल्या, सोडून गेलेल्यांचे पत्ते काढते आणि एकेकाला विचारते, माझ्याही जिवाला आता चैन नाही. पण माणसं शोधणं म्हणजे सांडलेला पारा गोळा करणं. कुणी मुलाकडे राहायला गेलेलं, कुणाचा नंबर बदललेला. तोवर भावोजींनी आणखी एक पाटी भिंतीकडे तोंड करून उभी केली. ताई धाकटीशी बोलायची, पण कामापुरतं: दूध आलं का, किल्ली कुठे ठेवलीस.

अखेर एका दुपारी मास्तर दोन कप घेऊन कपाटांच्या खोलीत आले.

“प्या. आता आपला एकही गठ्ठा उघडा नाही, कुणी बोलणार नाही.” त्यांनी घोट घेतला. “बहुतेकांचे पाय सावरले. गोळी सोडल्यावर महिना, दोन महिने लागले. सुईत दोरा ओवणारे आजोबा आता रोज फिरायला जातात. हात मात्र परत थरथरायला लागलेत.”

“बहुतेकांचे?”

“एक बाई काठी घेऊन चालतात. त्या म्हणतात, काठी आधीपासून होती. मुलगा म्हणतो, नव्हती.”

“आणि जे सापडले नाहीत?”

“जे सापडले नाहीत ते सापडले नाहीत.”

“मास्तर, न सापडलेल्यांतच तर...”

“ठाऊक आहे.” त्यांनी कप खाली ठेवला. “निकालाला पुरवणी जोडलीय, तिच्यात न सापडलेल्यांवरचं वाक्य बघा. नव्या माणसानं लिहिलंय. चांगला आहे तो, तुमच्यासारखाच कटकट्या.”

त्या संध्याकाळी ती दुकानात खाली बसली. भावोजी कोरणी बाजूला ठेवून नुसतंच पितळ पुसत होते. ताई जिन्याच्या खालच्या पायरीवर. धाकटीनं सगळं सांगितलं, जसं होतं तसं, कुठेही आवाज न चढवता, न उतरवता. हाताचं किती खरं. पायाचं किती. परत आलेल्यांचं. काठीवाल्या बाईंचं, मुलासकट. न सापडलेल्यांचंही.

“तू माझ्या जागी असतीस तर?” भावोजींनी विचारलं.

“मी तुमच्या जागी नाही, भावोजी. मला कोरता येत नाही.”

“बघा,” ते ताईला म्हणाले, “शिकली ही. पूर्वी असती तर म्हणाली असती, तुमची जागा तुमचीच कशावरून?”

ताईला हसू आलं ते तिनं पदरात दाबलं. “काम बसून करायचंय म्हणून पाय फुकट घालवू नका हं. वर जेवायला मी उचलून नेणार नाही.”

“घेऊन बघतो,” भावोजी म्हणाले. “पाय डगमगले तर सोडतो. अंथरूण तोवर खाली घालू. आणि मेहुणीबाई,” त्यांनी थरथरता हात तिच्यापुढे केला, जणू काही शपथच मागत होते, “मी मधूनच गळालो, तर मला मोजा. लिफ्टवर ढकलू नका.”

गोळी सुरू झाली. आठवडे गेले. वारा हळूहळू उतरला, आधी मनगटातून, मग बोटांतून, करंगळीत तेवढा राहिला. ताईनं एका सकाळी पेला काठोकाठ भरून समोर ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिली, बघवेना म्हणून. पेला ओठाशी गेला आणि परत आला. फरशी कोरडी होती.

मग त्यांनी पितळ घेतलं. एका दाईच्या दाराची पाटी होती. धाकटी कचेरीतून येऊन स्टुलावर बसली होती. कोरणी टेकली, सरकली, वळली. पितळेचा बारीक कीस सोन्यासारखा उडत होता आणि अक्षराचं पोट गोल, भरीव, अगदी पूर्वीसारखं उमटत होतं.

मेजाखाली त्यांचा डावा पाय हलत होता.

धाकटीची नजर तिथे खिळली. टाच वर, टाच खाली. थोडं थांबून पुन्हा. ठेका होता का त्याला? होता असं वाटलं. मग एक ठोका चुकला.

“गुणगुणतोय गं मी,” भावोजी मान वर न करता म्हणाले. “पायाकडे काय बघतेस? अक्षर बघ.”

ती अक्षर बघायला लागली. अक्षर फार सुंदर होतं. तेवढं बघून झाल्यावर तिनं पुन्हा पायाकडे बघितलं, आणि ओठ न हलवता त्यांच्या गुणगुणण्याबरोबर ठेका मोजायला लागली.